जुनी पिकअप घरी उभी करताना
(प्रस्तावना)

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर सागबारा सोडून पूर्वेकडे आलं, की गुजरातची हद्द संपते आणि खापर लागतं. पुढे अक्कलकुवा. तिथून उत्तरेला वळलं, की देवगोई घाट चढून मोलगी, आणि त्याच्याही पलीकडे थेट नर्मदेच्या काठापर्यंत पसरलेले डोंगरातले पाडे. या डोंगरातून खाली येतं ते आमचूर, भगर, मोहाची फुलं, चारोळी. वर जातं ते मीठ, गूळ, सिमेंट, पत्रे, खताच्या गोण्या, लग्नाचं सामान आणि त्या सामानावर बसलेली माणसं. अक्कलकुवा तालुक्यात रेल्वे नाही. बैलगाडीनंतर हे सगळं ओझं ज्यांनी वाहिलं, त्यांत जीपच्या तोंडाच्या आणि मागे हौदा असलेल्या गाड्यांचा वाटा मोठा आहे. आज नव्या पिकअप आल्या, आणि जुन्या कुणाच्या घरामागे, कुणाच्या खळ्याच्या कडेला चार विटांवर उभ्या आहेत. अधूनमधून भंगारवाला येतो, किलोचा भाव सांगतो आणि गाडी उचलून नेतो.

हे पुस्तक त्या माणसासाठी आहे, ज्याचा हात भंगारवाल्याला फोन लावताना थांबतो. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशीच एक महिंद्राची डिझेल पिकअप मी उघडली, साफ केली, जोडली. ते करताना जे शिकलो ते पुढच्या प्रकरणांत आहे. पण स्पॅनर हातात घेण्यापूर्वी या गाड्या आल्या कुठून, आणि आपण नेमकं काय करायला निघालो आहोत, हे ठरवून घ्यावं लागतं. ही प्रस्तावना त्यासाठी.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ओझं वाहायला केलेली गाडी पुन्हा ओझं घेऊन घाट सुखरूप उतरली, म्हणजे ती उभी राहिली. रंग, आरशासारखा बंपर, फोटो, हे सगळं त्यानंतर. गाडी चकचकीत झाली आणि ब्रेक जुनेच राहिले, तर ती पूर्वीपेक्षा जास्त धोकादायक झाली असं मी मानतो, कारण आता तिच्यावर लोक विश्वास टाकतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाने एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी : आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या मालवाहू गाड्यांपैकी किती तरी इथेच, या राज्यात तयार झाल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक जोडले. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने आधी तीनचाकी हॅन्सीट आणि १९६९ पासून पुण्याजवळ आकुर्डीला मॅटाडोर काढली. आणि माझगावला १९४९ मध्ये महिंद्रांनी अमेरिकेतून सुट्या भागांत आलेल्या विलीज जीप जोडायला घेतल्या. युद्धासाठी घडवलेलं ते वाहन पुढे वनखात्याकडे, पाटबंधारे खात्याकडे, पोलिसांकडे गेलं, आणि लिलावातून उतरत उतरत आपल्या गावांत पोचलं.

जीपवर हौदा बसवायची कल्पना अमेरिकेतलीच. ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरने १९५०च्या दशकात जीपच्या सांगाड्यावर एक वेगळीच पिकअप रेखाटली. ड्रायव्हरला त्यांनी बोनेटच्या मागून उचलून थेट इंजिनावर बसवलं, म्हणजे तेवढ्याच लांबीत मागे मोठा हौदा मिळाला. ती एफसी-१५०. अमेरिकेत ती फार चालली नाही. पण ज्या सुमारास तिकडे ती बंद झाली, त्याच सुमारास, १९६५ मध्ये, महिंद्रांनी ती आपल्याकडे सुरू केली. अरुंद गल्ल्या, आखूड वळणं आणि भरपूर माल, हे आपलं गणित तिला बरोबर जमलं.

तेव्हा तिच्यात पेट्रोलचं हरिकेन इंजिन होतं. मग १९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलचे भाव चढले आणि पेट्रोलवर माल वाहणं परवडेना. महिंद्रांच्या घरात त्याचं उत्तर तयार होतं. इंटरनॅशनल हार्वेस्टर, व्होल्टास आणि महिंद्रा यांनी मिळून १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या ओळखीचा झाला होता. त्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन १९७५ च्या सुमारास जीपमध्ये आणि एफसी-२६० पिकअपमध्ये आलं.

खापरसारख्या गावासाठी या पूर्ण इतिहासातली ही सगळ्यात कामाची ओळ आहे. कारण त्या दिवसापासून पिकअपचं इंजिन दुरुस्त करायला शहरातला मोटार मेकॅनिक लागेनासा झाला. ट्रॅक्टरचा मिस्त्री गावोगाव होता. त्याला ते लाईनर, ते पिस्टन, तो डिझेल पंप डोळे मिटून माहीत होता. आजही जुन्या जीपच्या इंजिनाचं पॅकिंग मोटारच्या दुकानात मिळालं नाही, तर ट्रॅक्टरच्या दुकानात विचारून बघावं. अमेरिकेत फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी कारखान्यातूनच पिकअप हौद्यासह २८१ डॉलरला विकायला काढली. तिकडे आता जुन्या पिकअपचा दाराच्या रबरापासून बारीक स्क्रूपर्यंत प्रत्येक भाग कॅटलॉग पाहून घरपोच मागवता येतो. आपल्याकडे तसा कॅटलॉग नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे, लेथवाला आहे, भाता चालवणारा लोहार आहे, हौद्याच्या फळ्या ठोकणारा सुतार आहे. हे चौघं चालत्या अंतरावर असताना घरी गाडी उभी करणं हे वेडं धाडस राहत नाही. पुस्तकातलं निम्मं ज्ञान या मंडळींचं आहे, आणि त्यांची पुढची पिढी या कामात फारशी उतरत नाही, म्हणून ते कागदावर उतरवण्याची मला घाई झाली.

पुढे १९७९ मध्ये महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला. एक्सडीपी हे हलकं, पळणारं डिझेल इंजिन आलं, ते इगतपुरीला बनू लागलं, आणि १९८०च्या दशकातल्या जीपना आणि पिकअपना बसलं. त्यातून एक पेच तयार झाला, जो प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात गाठतो. सांगाडा, ॲक्सल, पाटे हे अमेरिकन वंशाचे, म्हणून तिथले बोल्ट इंची. इंजिन फ्रेंच, म्हणून तिथले बोल्ट मिलिमीटरचे. एकाच गाडीला दोन्ही पान्यांचे संच लागतात. पाऊण इंचाच्या बोल्टला १९ चा पाना बसतो, फसगत होत नाही. पण नऊ-सोळांशचा बोल्ट घ्या : १४ चा पाना त्यावर चढत नाही, १५ चा चढतो पण ढिला बसतो. गंजलेल्या बोल्टवर त्या ढिल्या पान्याने जोर लावला, की षटकोनाच्या कडा गोल होतात आणि दहा मिनिटांचं काम छिन्नी-हातोडीवर जातं. आटे त्याहून फसवे. अर्ध्या इंचाचा नट १२ मिलिमीटरच्या बोल्टवर ढिला डुगडुगतो, लगेच कळतं. पण १२ चा नट अर्ध्या इंचाच्या बोल्टवर नेटाने फिरवला, की आटे चिरडत घट्ट बसल्याचा भास देतो आणि ओझं आलं की निसटतो. म्हणून उघडलेला प्रत्येक बोल्ट ज्या जागेचा, त्या जागेच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात ठेवायचा. गोडेतेलाचे रिकामे डबे या कामाला उत्तम.

आता सांगाड्याबद्दल. गाडी बाहेरून कितीही सडलेली दिसो, तिची किंमत चेसिसवर ठरते, आणि चेसिस कानाने तपासायची असते. हौदा उतरवा, तारेच्या ब्रशने माती खरवडा आणि छोट्या हातोडीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. आतून खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं, आणि हातोडीखाली गंजाचा पापुद्रा सुटतो. मागचा आडवा मेंबर, शॅकल जिथे लटकतात त्या कंसांच्या मुळाशी, आणि हौद्याच्या फळ्यांच्या फटींखाली बरोबर ज्या रेषा येतात तिथे आधी ठोका. आपल्या भागातल्या गाड्यांनी वर्षानुवर्षं मीठ आणि युरिया वाहिला आहे. फाटक्या गोणीतून सांडलेलं मीठ-खत फळ्यांच्या फटीतून खाली पडतं, पावसात विरघळतं आणि चेसिसच्या खोबणीत साचून राहतं. समुद्रापासून इतक्या लांब असूनही आमच्याकडच्या चेसिस किनाऱ्यावरच्या गाडीसारख्या गंजलेल्या सापडतात त्या यामुळे.

कुजलेल्या जागी पट्टी मारताना वेल्डर सहसा चौकोनी तुकडा कापतो आणि चारही बाजूंनी शिवून टाकतो. दिसायला ते मजबूत असतं. पण चेसिस वाकते-पिळते तेव्हा सगळा ताण त्या सरळ उभ्या शिवणीवर येतो आणि तडा पट्टीच्या अगदी कडेने जातो. पट्टीची टोकं शंकरपाळ्यासारखी निमुळती ठेवा, ताण हळूहळू वाटला जाईल. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नका. भोक लागलंच तर उभ्या बाजूच्या मध्यावर. आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडायला विसरू नका.

ब्रेकचं प्रकरण पुस्तकात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठं आहे. देवगोई घाट ज्याने भरल्या गाडीने उतरला आहे, त्याला कारण सांगायला नको. जुन्या जीपच्या घराण्यातल्या गाड्यांत ब्रेकची नळी एकच : एक मास्टर सिलिंडर, त्याच्यापासून चारही चाकांना ऑइल. आजच्या गाडीत दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा अर्धी गाडी धरतो. इथे तसं नाही. मागच्या एका चाकाच्या सिलिंडरमधला काही रुपयांचा रबरी कप फाटला, की चारही चाकं मोकळी. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकही चाकांना नसतो, तो गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टला धरतो. उतारावर शाफ्टचा क्रॉस तुटला तर हँडब्रेकही गेला. हे माहीत नसलेला माणूस हँडब्रेकच्या भरवशावर गाडीखाली झोपून शाफ्ट सोडतो. म्हणून चाकांना दगडाची उटी लावल्याशिवाय शाफ्टला हात नाही, हा माझ्या शेडमधला पक्का नियम आहे.

तेव्हा चारही ड्रम उघडा. आतली काळी भुकटी फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू तर मुळीच नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवा. नख अडकलं तर सिलिंडर बदला, नुसते कप बदलून चालणार नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ऑइलात पाणी असतं, घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल थेट फळीला टेकतं. सगळं जुनं ऑइल काढा, नव्याने भरा, आणि एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. इंजिन ऑइल किंवा डिझेल ब्रेकच्या नळीत एक थेंबही जाता कामा नये. रबर फुगतं आणि ब्रेक आखडतात.

इंजिनाबद्दल इथे दोनच गोष्टी सांगतो, कारण दोन्हींत जीव जायची किंवा इंजिन जायची भीती आहे. बरीच वर्षं उभी असलेली गाडी जाम होते, आणि गावात सर्रास उपाय असा की गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढायची. त्याने रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल अर्धंअर्धं ओता, काही दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने किंचित पुढे, किंचित मागे हलवत राहा. दुसरी गोष्ट पंपाची. पडून राहिलेल्या डिझेल पंपाचा रॅक आतल्या आत पूर्ण उघड्या अवस्थेत अडकलेला असू शकतो. असं इंजिन सुरू झालं की वेग चढतच जातो आणि चावी बंद करून ते थांबत नाही. पहिल्यांदा स्टार्टर मारण्यापूर्वी एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर बरोबर बसेल अशी सपाट फळी एका माणसाच्या हातात द्या. वेग हाताबाहेर गेला, की फळी तोंडावर दाबायची. हवा बंद, इंजिन बंद. उघडा पंजा तिथे लावायचा नाही. आणि नोझलचा फवारा तपासताना हात त्याच्या वाटेत आणू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

घरी काम करायचं म्हणजे घरातल्या माणसांत करायचं. आमच्याकडे शेडच्या पलीकडेच मिरची वाळत घातलेली असते, कोंबड्या फिरतात, पोरं खेळतात. जुन्या रंगात शिसं असायचं. कोरडा पॉलिश पेपर घासला तर ती पूड मिरचीवर, अंगणावर, पोरांच्या हातावर बसते. ओला पेपर वापरा, खाली कापड अंथरा. रिकामी दिसणारी इंधनाची टाकी घरी वेल्डिंगला कधीच घेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त घातक असते.

रंगकामावर मी फार लिहिलेलं नाही. लांबी जाड भरून खड्डे लपवण्यापेक्षा पत्रा मागून ठोकून सरळ करा आणि लांबी कागदाइतकी पातळ ठेवा, एवढं पुरे. पावसाळ्यात रंग मारू नका. हवेतली ओल रंगाखाली अडकते आणि पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे कोरडे महिने रंगाला सगळ्यांत चांगले. याच दिवसांत महाशिवरात्रीला देवमोगरा मातेची यात्रा आणि मग काठी गावची राजवाडी होळी येते, आणि गावातलं प्रत्येक चालू वाहन रस्त्यावर निघतं. तोवर गाडी तयार करायची म्हणून घाई होते. यात्रेला दुसऱ्याच्या गाडीत बसून जावं, पण ब्रेकची चाचणी रिकाम्या रस्त्यावर, मग निम्म्या ओझ्यावर, मग भरल्या ओझ्यावर, अशी पूर्ण झाल्याशिवाय माणसं हौद्यात घेऊ नयेत.

मूळ काय ठेवायचं, यावर मात्र मला ठामपणे बोलायचं आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीप देशभर प्रसिद्ध आहेत. मोठे टायर, नवा सांगाडा, झगमगाट. त्या कारागिरांचं कसब मोठं आहे, पण तिथे जुनी गाडी नवी गाडी बनून बाहेर पडते. दुसऱ्या टोकाला कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी गाडी करण्याचा ध्यास आहे. माझ्या मते आपल्या पिकअपला दोन्ही लागू नाहीत. तिच्या फाळक्यावर कुणीतरी रंगवलेलं फूल, लोहाराने बसवलेला जाड हुक, ऊस आणि कडबा बांधायला वाढवलेल्या कड्या, एका पाट्याने वाढवलेली मागची स्प्रिंग, हे सगळं कारखान्याच्या कागदांत नाही, पण ती ज्या गावात जगली त्याची नोंद तिथेच आहे. सुरक्षित असेल ते राहू द्या. धोक्याचं असेल ते बदला, पण बदलण्यापूर्वी त्याचा फोटो काढा आणि कुणी, कधी, का बसवलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

कागदांचं प्रकरण शेवटी आहे, पण एक काम आजच करा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या आपल्या भागातल्या गाड्या धुळ्याच्या नोंदीतल्या, एमएच-१८ किंवा त्याहून जुन्या क्रमांकाच्या. आरसी बुक शोधून काढा आणि चेसिसवर ठोकलेला नंबर त्याच्याशी पडताळा. तो नंबर ग्राइंडरखाली किंवा रंगाच्या थराखाली जाऊ देऊ नका. पेन्सिलीचा ठसा काढून ठेवा. नंबर पुसला गेला तर उत्तम चालणारी गाडीही कायद्याच्या नजरेत कुणाचीच उरत नाही. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली : पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं. पण ती खासगी वापराच्या वाहनांसाठी आहे, आणि त्या क्रमांकाची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. माल वाहणाऱ्या पिकअपला नेहमीचीच वाट : ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, आणि त्यासाठी ब्रेक, दिवे, धूर हे सगळं नियमात. इंजिन दुसरं बसवणार असाल तर आधी परवानगी घ्या, मग बसवा.

एवढं वाचून गाडीकडे जाल तेव्हा चार लोखंडी घोडे, दोन्ही मापांचे पाने, तारेचा ब्रश, डब्यांची रास आणि एक वही बरोबर घ्या. पहिला दिवस दोन कामांचा आहे. सकाळी नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल-ऑइल ओतायचं आणि भोकं बुचाने बंद करायची. मग गाडी घोड्यांवर घेऊन मागच्या डाव्या चाकाचा ड्रम उघडायचा. इंजिन मुरायला वेळ घेईल. तोवर ब्रेकचं प्रकरण पूर्ण होतं.

खापर, ता. अक्कलकुवा